जज्जांचे कागद

तळघरातली लोखंडी कपाटे जज्ज गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलीने, सोल्वेगने, ती उघडली आणि भावाबहिणीतले भांडण सुरू झाले.

कागद न्यायला राज्याच्या अभिलेखागारातला माणूस आज दुपारी येणार होता. जज्ज एर्लिंग ब्रेकेन यांनी मृत्युपत्रात एकाच ओळीत लिहून ठेवले होते की माझे सर्व कागद राज्याला द्यावेत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चोवीस वर्षे बसलेल्या माणसाचे कागद म्हणजे निकालांचे मसुदे, टिपणे, भाषणे, असेच सगळे धरून चालले होते. पण जज्जांनी घरातला कागद आणि न्यायालयातला कागद कधी वेगळा ठेवलाच नव्हता. शेताच्या कराच्या पावत्या, हाल्वरचे शाळेतले प्रगतिपुस्तक, सोल्वेगच्या दातांचे बिल, केव्हाच मेलेल्या कुत्र्याचा परवाना, सगळे एकाच अक्षरक्रमाने लावलेले. आणि 'ब'च्या खणात, बीट उत्पादक संघाच्या पाठोपाठ, एक जाडजूड फाइल होती: ब्रेकेन, श्रीमती टो.

"बायकोची फाइल," सोल्वेग म्हणाली. "आणि तीसुद्धा आद्याक्षरानं."

तिचा भाऊ हाल्वर रिकामी खोकी काखेत मारून पायऱ्या उतरत होता. फार्गोला त्याची वकिली चांगली चालली होती आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच्याकडेच होती. "अजून तिथेच आहेस? ते अभिलेखागाराचे केलर कॉफीच्या वेळेला येऊन टेकतील."

"ही फाइल मी खोक्यात घालणार नाही."

"आपलं परवा फोनवर ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. मी फोन खाली ठेवला होता."

हाल्वरने खोकी जमिनीवर टाकली. "हे बघ. उद्या कोणी बाबांवर लिहायला बसलं तर त्याला काय सापडेल? रेल्वेचे निकाल, जमिनीच्या हद्दीचे निकाल. त्याला वाटेल हा माणूस दगड होता. त्यांना घर होतं, बायको दर रविवारी पत्र लिहायची, हे कळायला नको?"

"घर कुठे होतं त्यांना? राजधानीत, बिस्मार्कच्या हॉटेलात, खोली होती."

"महिन्यातून एकदा यायचे."

"यायचे. शनिवारी आपली पुस्तकं तपासायचे आणि रविवारी चर्चमधून परस्पर गाडीत बसायचे." सोल्वेगने फाइल छातीशी धरली. मिनॉटला ती शाळेत शिकवत होती आणि तिच्या आवाजाला वर्गाची सवय होती. "आणि ही पत्रं त्यांची नाहीत. आईची आहेत."

"कायद्यानं पत्र ज्याला पोचलं त्याचं. कागद बाबांचा. शब्द तेवढे आईचे."

"मग शब्द काढून आईला दे आणि कागद घेऊन जा."

हाल्वरला हसू आले, पण त्याने ते तिला दिसू दिले नाही. लहानपणीही ती अशीच पेचात धरायची. "तू वाचलीस का त्यातली?"

"नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही हे आईनंच शिकवलंय." फाइलमधले गठ्ठे न्यायालयातल्या लाल फितीने करकचून बांधलेले होते. तिने एकाचीही गाठ सोडली नव्हती. पण ती पत्रे लिहिली जाताना तिने पाहिली होती. चर्चहून आल्यावर, जेवणाची भांडी झाली की आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, आणि मग पाकीट घेऊन सोल्वेग टपालपेटीपर्यंत पळायची. आठवड्याच्या अखेरीस उत्तर यायचे, यंत्रावर टाइप केलेले. प्रिय टोरा, तुझे पत्र मिळाले, प्रकृती ठीक. खाली डाव्या कोपऱ्यात जज्जांची आद्याक्षरे आणि त्यांना खेटून, बारीक अक्षरात, त्यांच्या टंकलेखिकेची, मिस व्हिकची.

"तू रात्रीच्या प्रार्थनेत मिस व्हिकचं नाव घ्यायचीस," हाल्वर म्हणाला. त्यालाही तेच आठवले होते.

"घ्यायचेच. पत्र तीच लिहीत होती ना."

* * *

वर स्वयंपाकघरात हाल्वरची बायको, जिना, बटाटे-खिम्याचा हॉटडिश ओव्हनमधून काढत होती. तळघरातले बोलणे तिला शब्द न् शब्द ऐकू येत होते. तिचे माहेर नेवार्कचे, इटालियन. तिकडे असे भांडण टेबलावर व्हायचे, आरडाओरडा करून, आणि सूप निवायच्या आत मिटायचे. या माणसांचे भांडण तळघरात चालायचे. इतक्या वर्षांत तिला त्याची सवय झाली नव्हती.

टोरा टेबल पुसत होती. ऐंशी उलटलेली, किडकिडीत, अजून ताठ. स्वच्छ टेबल ती पुन्हा पुसत होती.

"आई," जिना म्हणाली, "ती दोघं खाली तुमच्या पत्रांवरून भांडतायत. मी सरळच विचारते. तुम्हाला ती हवीत का?"

"छे! मला कशाला?" टोराने फडके पिळले. "जुनी पत्रं ती. तुम्हाला बरं वाटेल ते करा."

जिनाला हायसे वाटले. तिने तळघराचे दार उघडले. "ऐका रे! आई म्हणतायत, पाठवा!"

सोल्वेग दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. फाइल हातात, मागे हाल्वर.

"कितीदा विचारलंस तिला?"

"कितीदा म्हणजे? विचारलं, त्या म्हणाल्या नको."

"एकदाच?"

जिनाने कपाळावर हात मारला. लग्नानंतर या घरी पहिल्यांदा आली होती तेव्हाचे तिला आठवले. सासूने लेफ्साचे ताट पुढे केले होते, बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. जिनाने हसून दोन उचलल्या आणि टेबलावर एकदम शांतता पसरली. नंतर हाल्वरने तिला समजावले होते की आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदा, खरंच नको, म्हणतात. तिसऱ्यांदा कोणी म्हटले की मग, बरं, अर्धी द्या. "आणि तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही तर?" असे तिने विचारले होते. "विचारतात," हाल्वर म्हणाला होता, "सगळे विचारतात."

"आई, हाल्वरकडे बघू नकोस," सोल्वेग म्हणाली. "मला सांग. ठेवायची का तुला ती?"

"अगं, भांडू नका माझ्यापायी. जज्जांची इच्छा होती ना? जाऊ देत."

"झालं," हाल्वर म्हणाला. "दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं. आणखी काय प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं तिच्याकडून?"

"तू कोर्टात नाहीयेस!"

"मुलांनो, निवतंय," टोरा म्हणाली आणि ताटे मांडू लागली.

* * *

सगळे जेवायला बसले. खिडकीबाहेर महामार्गावरून साखरबीटाचे ट्रक एकामागून एक कारखान्याकडे चालले होते आणि प्रत्येक ट्रकसरशी कपाटातल्या बश्या किणकिणत होत्या. टोराने डिश पुढे सरकवली. मुलांनी नको म्हटले. तिने आग्रह केला. मुलांनी वाढून घेतले.

एकदाच, हा सोल्वेगचा शब्द टोराच्या कानातून जात नव्हता.

जज्जांनीही एकदाच विचारले होते. ते तेव्हा जज्ज नव्हते, इथल्याच, वॉल्सेट गावातले वकील होते. गव्हर्नरांच्या कचेरीतून नेमणुकीचा फोन आला आणि ते याच टेबलाशी, अंगात कोट घालून, उभे राहिले होते. "तिकडे घर बघतो. येतेस ना?" असे त्यांनी विचारले. आणि ती म्हणाली होती, "छे, तुमची कशाला धावपळ! मुलांच्या शाळा आहेत." दुसरे काय म्हणणार? हो म्हणून टुणकन उडी मारायची असते का? ते "ठीक आहे" म्हणाले आणि त्यांनी टोपी घातली. तिच्यासारखाच, चर्चच्या तळघरातल्या पंगतीत, त्याच टेबलांवर, लहानपणापासून नको-नको करत वाढलेला माणूस. पण वकिलीत साक्षीदाराचे उत्तर एकदा नोंदले की नोंदले, आणि ती सवय त्यांना केव्हा लागली हे तिला कळलेच नव्हते.

नाताळात पुन्हा विचारतील, असे तिला वाटले होते. मग ईस्टरला. मोठी ट्रंक तिने माळ्यावरून काढून बोळात ठेवली होती. कोणी विचारले तर उन्हाळी कपड्यांना लागते असे सांगायची. पत्रांतून तिने कधी काही मागितले नाही. भट्टी बंद पडली, बर्फाने गॅरेजचे दार अडले, हाल्वरला गोवर आला, असेच सगळे. हे सगळे वाचून तरी ते विचारतील की एकटीने कशी निभावतेस, ये इकडे. आणि आता ती पत्रे बिस्मार्कला जाणार होती. ज्या गावी तिला कोणी दुसऱ्यांदा बोलावले नाही, त्याच गावी. तिथे टेबलावर पसरून कोणी शिकलासवरलेला माणूस वाचेल आणि त्याला ओळीओळीतून कळेल की ही बाई कशाची वाट बघत होती. घरच्यांना जे कळले नाही ते त्याला कळेल. टोराने काटा खाली ठेवला.

जेवणानंतर भांडी विसळताना जिना तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, तुमच्या नियमानं तिसऱ्यांदा विचारते. हवीत का?"

टोराने बशी पुसली. पुन्हा पुसली. "मिळाली तर," ती म्हणाली, "बरं होईल."

जिना वळली. "हाल्वर! ऐकलंस?"

हाल्वरने ऐकले होते. त्याचे तोंड उतरले. पण आईने याआधी कधी स्वतःच्या तोंडाने काही मागितल्याचे त्याला आठवत नव्हते. "मग राहू देत," तो म्हणाला. "केलरना मी सांगतो."

* * *

केलर आले. धिप्पाड, मितभाषी, राज्याच्या पश्चिमेकडच्या जर्मन शेतकऱ्यांतले. कॉफीला ते एकदाच नको म्हणाले आणि मग त्यांनी केकही घेतला. तळघरातली खोकी त्यांनी आणि हाल्वरने मिळून व्हॅनमध्ये चढवली. वर येऊन ते ओले बूट पायपुसण्यावर पुसत होते तेव्हा टोरा टेबलाशी बसून पहिल्या गठ्ठ्याची लाल फीत सोडत होती. आपली आहेत म्हटल्यावर तिला धीर धरवला नव्हता.

वरची पाकिटे सुरीने नीट कापलेली होती. प्रत्येकावर न्यायालयाचा 'प्राप्त' असा निळा शिक्का. तिने दुसरा गठ्ठा सोडला. तिसरा. मग तिचा हात थांबला.

"काय झालं गं?" सोल्वेगने वाकून पाहिले.

शिक्का होता. वर टोराचे बारीक, डावीकडे झुकलेले अक्षर होते. पाकीट मात्र चिकटवलेले तसेच होते. त्याच्या खालचेही. सोल्वेगने पुढचा गठ्ठा उलगडला, आणि त्याच्या पुढचा. सगळी बंद.

"पण उत्तरं तर यायची," जिना म्हणाली.

"तुझे पत्र मिळाले, प्रकृती ठीक," सोल्वेग म्हणाली. तिच्या आवाजात वर्ग राहिला नव्हता. "मिळाले. बरोबरच लिहीत होते. वाचले असं कुठे म्हणत होते?"

हाल्वरने टेबलावरची पाकिटे भराभर गोळा केली. "ही जायची नाहीत. इथेच राहतील. किंवा शेगडीत घालतो मी."

"आता का?" सोल्वेग त्याच्यासमोर उभी राहिली. "सकाळी तर घर दाखवायचं होतं ना तुला सगळ्यांना? हे बघ घर! घेऊन जा म्हणावं, मांडून ठेवा काचेत!"

"बाबांची अब्रू आहे, सोल्वेग."

"आणि आईची?"

केलर दाराशी टोपी हातात धरून उभे होते. "मी बाहेर थांबतो," ते म्हणाले.

"थांबा इथेच," टोरा म्हणाली. "हाल्वर, ती खाली ठेव."

त्याने ठेवली. मग खुर्ची ओढून तो आईजवळ बसला.

"मी पंधरा वर्षांचा असताना तू मला एकट्याला बसनं पाठवलं होतंस, आठवतं? त्यांच्या कचेरीत गेलो तेव्हा ते खिडकीशी उभे राहून डब्यातले सार्डिन मासे बिस्किटाला लावून खात होते. जेवणच ते त्यांचं. मला पेन्सिल हवी होती म्हणून मी खण ओढला. खणभर तुझी पत्रं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, आईची आहेत. सत्र संपलं की निवांत वाचीन. ही घाईघाईत वाचायची नाहीत." त्याने डोळे चोळले. "मला वाटलं वाचली असतील. सत्र कधीतरी संपलंच असेल ना."

बाहेरून ट्रक गेला, बश्या किणकिणल्या.

"निवृत्त होऊन घरी आले," सोल्वेग अखेर म्हणाली. "इतकी वर्षं घरात होते. रेडिओवर गव्हाचे भाव ऐकत बसायचे. तेव्हा?"

"तेव्हा मी समोरच होते की," टोरा म्हणाली. "समोर बसलेल्या माणसाची पत्रं कोण वाचतं?"

जिनाला रडू फुटले. या घरात रडणारी ती एकटीच होती, म्हणून ती भांड्यांकडे वळली.

टोराने पाकिटे दोन ढिगांत लावायला घेतली. उघडलेला ढीग लहान होता. कडा जुळवून ती लावत होती. तिला राग येईल असे तिला वाटले होते. आला नाही. तिला दिसत होते ते खिडकीशी उभे राहून बिस्किट खाणारे एर्लिंग. इकडे ती याच टेबलाशी उरलेसुरले खायची, मुले झोपल्यावर, कधी कधी उभ्यानेच.

"मिस्टर केलर," ती म्हणाली, "बंद पत्रं तुमच्याकडे आली तर तुम्ही काय करता?"

केलरनी हाल्वरकडे पाहिले, मग तिच्याकडे. "जपून उघडतो, मॅडम. पातळ सुरीनं. घडी मोडून कागद सपाट करतो."

"आणि वाचता?"

"मी तारखेपुरतं बघतो. वाचणारे वेगळे. विद्यार्थी येतात. कोणाची नातवंडं येतात. काही जण तर नुसतेच येतात."

"सगळं वाचतात?"

"काही जण अक्षर न् अक्षर. खिडकीबाहेर अंधार पडला तरी उठत नाहीत. आम्हाला उठवावं लागतं."

टोराने मोठा ढीग त्यांच्याकडे सरकवला. "मग ही न्या. उघडलेली माझ्याजवळ राहू देत. ती पोचली आहेत."

"आई!" हाल्वर म्हणाला. "अगं, मी वाचतो. आजच घेऊन जातो घरी. सगळी वाचतो, शपथ. परक्यांच्या हातात कशाला?"

"मीही वाचीन," सोल्वेग म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा दोघे एका बाजूला झाले होते. "आपण तिघं बसून वाचू. मला सुट्टी आहे पुढच्या आठवड्यात."

टोराने दोघांकडे पाहिले. केस पिकू लागलेली तिची मुले. भट्टी बंद पडायची तेव्हा हीच दोघे तिच्या पांघरुणात शिरायची.

"तुम्ही वाचाल ते मला वाईट वाटू नये म्हणून वाचाल," ती म्हणाली. "तिथे जो कोणी येईल तो त्याला वाचायचंय म्हणून वाचील."

"पण लोक बाबांना काय म्हणतील?"

"कामात होते म्हणतील. होतेच."

हाल्वर उठला. त्याने तळघरातून एक रिकामे खोके आणले आणि पाकिटे त्यात उभी लावली. सोल्वेगने खोके तिरके धरले, म्हणजे ती पडणार नाहीत. खोके केलरनी स्वतः उचलले.

टोरा त्यांच्या मागोमाग पायरीपर्यंत गेली, कोट न घालताच. व्हॅनचे मागचे दार उघडे होते आणि वाऱ्याला बीटाच्या कारखान्याचा गोडसर, कुजट वास होता.

"कोणी वाचायला यायला किती दिवस लागतील?"

"ते नाही सांगता येत, मॅडम. कागद क्रमानं लावण्यातच हिवाळा जाईल. मग कोणी लगेच येईल, कोणी कित्येक वर्षांनी."

"काही पेन्सिलीनं लिहिलीत," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात शाई गोठायची. आणि माझं अक्षर बारीक आहे. येईल त्याला उजेडात बसून वाचायला सांगा. डोळे दुखतील नाहीतर."

केलरनी खोके पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवले. "सांगतो," ते म्हणाले. "आमच्याकडे उत्तरेला मोठी खिडकी आहे. तिथलं टेबल देईन त्याला."